दहावीनंतर व्यवसाय शिक्षणाकडे वळताना : अर्जापासून शिकाऊ उमेदवारीपर्यंत

महाराष्ट्रात दहावी झालेल्या विद्यार्थ्यापुढे व्यवसाय शिक्षणाच्या ज्या वाटा असतात त्या एका खात्याच्या हातात नाहीत, ही गोष्ट सर्वांत आधी समजून घ्यावी. अकरावीचा प्रवेश शालेय शिक्षण विभाग करतो, आयटीआयचा प्रवेश कौशल्य विभागाखालील व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय करते आणि तंत्रनिकेतनाचा, म्हणजे पॉलिटेक्निकचा, प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालय करते. तिन्हींची संकेतस्थळे निराळी, वेळापत्रके निराळी आणि अर्जही निराळे. एके ठिकाणी अर्ज भरला म्हणजे दुसरीकडे नाव आपोआप जात नाही. पुष्कळ पालकांना हे कळेपर्यंत दहा-बारा दिवस निघून जातात आणि तोवर एखादी मुदत संपलेली असते. तिन्हीकडे अर्ज करण्यास कोणतीही हरकत नाही. अडचण येते ती मूळ शाळा सोडल्याच्या दाखल्याची, कारण तो एकच असतो आणि जिथे प्रवेश निश्चित होतो तिथे जमा होतो. म्हणून अर्ज सगळीकडे करावेत, पण दाखला देताना निर्णय पक्का असावा.

हा लेख ज्यांच्या घरात यापूर्वी कोणी या वाटेने गेलेले नाही, अशा विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी लिहिला आहे. त्यात एक आग्रह पुन्हा पुन्हा येईल, तो आधीच सांगून टाकतो. आयटीआयचे प्रमाणपत्र हे अर्धे शिक्षण आहे. शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप), म्हणजे आस्थापनेत कराराने विद्यावेतनावर काम शिकणे, आणि बारावीची समकक्षता, म्हणजे आयटीआयचे शिक्षण बारावीच्या बरोबरीचे मानले जाणे, या दोन गोष्टी त्याला जोडल्या तरच पुढची दारे उघडी राहतात, आणि कोणता अभ्यासक्रम निवडायचा हे ठरवताना पुढे काय बंद होते याचा विचार करावा लागतो.

पहिली पायरी : वाटा ओळखणे

पहिली वाट आयटीआयची, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची. कारागीर प्रशिक्षण योजना या नावाने ही व्यवस्था देशात १९५० मध्ये सुरू झाली आणि आज महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. त्यांच्याखेरीज खाजगी संस्था आहेत त्या वेगळ्या. इथे ज्याला बोलताना सगळे 'ट्रेड' म्हणतात त्याला कागदोपत्री 'व्यवसाय' म्हणतात, वर्गाला 'तुकडी', शिकणाऱ्याला 'प्रशिक्षणार्थी' आणि शिकवणाऱ्याला 'शिल्पनिदेशक' म्हणतात. माहितीपुस्तिका याच भाषेत असते, त्यामुळे हे शब्द ओळखीचे असलेले बरे. अभ्यासक्रम एक किंवा दोन वर्षांचे असतात. किमान वय चौदा वर्षे पूर्ण असावे लागते, वरची वयोमर्यादा नाही.

दुसरी वाट कनिष्ठ महाविद्यालयातच राहून काही कौशल्य शिकण्याची. तिचे जुने आणि टिकून राहिलेले रूप म्हणजे द्विलक्षी अभ्यासक्रम. यात विद्यार्थी अकरावी-बारावी नेहमीसारखीच करतो, मात्र दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्याऐवजी २०० गुणांचा एक व्यावसायिक विषय घेतो. विज्ञान शाखेत संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, विद्युत देखभाल किंवा यांत्रिक देखभाल, वाणिज्य शाखेत बँकिंग किंवा कार्यालय व्यवस्थापन, आणि काही ठिकाणी पीकशास्त्र, दुग्धव्यवसाय किंवा मत्स्यव्यवसायाशी संबंधित विषय असतात. याखेरीज किमान कौशल्यावर आधारित उच्च माध्यमिक अभ्यासक्रम, म्हणजे ज्याला लोक 'एमसीव्हीसी' म्हणत आले, हाही एक प्रकार आहे. त्याचे स्वरूप अलीकडे बदलत गेले असल्यामुळे आपल्या तालुक्यातील महाविद्यालयात या वर्षी ती तुकडी प्रत्यक्ष चालू आहे का, तिचे निदेशक नेमलेले आहेत का आणि निकालपत्रावर कोणते नाव येते, हे कार्यालयात जाऊन विचारावे.

तिसरी वाट तंत्रनिकेतनाची. दहावीनंतर तीन वर्षांची अभियांत्रिकी पदविका, महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची परीक्षा आणि प्रवेशासाठी दहावीत किमान ३५ टक्के गुण, असा तिचा ढाचा आहे. चौथी वाट शेतीची आहे आणि ती शहरात फारशी कोणाला ठाऊक नसते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील चार कृषी विद्यापीठांच्या अखत्यारीत दहावीनंतरचे कृषी पदविका अभ्यासक्रम चालतात आणि त्यांत दोन वर्षांचा मराठी माध्यमाचा अभ्यासक्रमही आहे. घरी जमीन असलेल्या किंवा कृषी सेवा केंद्र काढू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने हा पर्याय तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

यांपैकी आयटीआयविषयी या लेखात अधिक विस्ताराने लिहिले आहे, कारण गैरसमज तिच्याचविषयी सर्वांत जास्त आहेत आणि निवडीत चूक झाली तर ती तिथेच जास्त महागात पडते.

दुसरी पायरी : काय उघडे राहते आणि काय बंद होते

निवड करण्यापूर्वी एका कागदावर प्रत्येक वाटेसमोर दोन प्रश्न लिहावेत. हे पूर्ण केल्यावर मी थेट कशाला पात्र होतो? आणि हे निवडल्यामुळे कोणता दरवाजा बंद होतो?

दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय व्यवसाय पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला संबंधित शाखेच्या पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशासाठी अर्ज करता येतो. पदविका झाल्यावर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाचा मार्ग मोकळा होतो. म्हणजे फिटरपासून अभियंत्यापर्यंतची वाट कागदावर आणि प्रत्यक्षातही अस्तित्वात आहे. पण एक वर्षाच्या व्यवसायाला हा लाभ नाही. संगणकाचे आकर्षण म्हणून 'कोपा' (कॉम्प्युटर ऑपरेटर आणि प्रोग्रामिंग असिस्टंट) हा एक वर्षाचा व्यवसाय निवडणाऱ्या आणि पुढे डिप्लोमा करू म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला हे उशिरा कळते, तेव्हा त्याच्या हातात वर्ष आणि प्रमाणपत्र दोन्ही असते, पण दुसऱ्या वर्षाची पात्रता नसते.

पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट जाणाऱ्यांबद्दल एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. कार्यशाळेत ही मुले इतरांच्या पुढे असतात, पण गणितात मागे पडतात. पहिल्या वर्षाचे गणित त्यांनी केलेले नसते आणि दुसऱ्या वर्षाचे विषय ते आले आहे असे गृहीत धरूनच शिकवले जातात. ज्याला पुढे पदविकेला जायचे आहे त्याने आयटीआयच्या दोन वर्षांत अकरावी-बारावीच्या गणिताची पुस्तके स्वतः सोडवत राहावीत. त्रिकोणमिती, लॉगॅरिदम आणि कलनाची तोंडओळख एवढे झाले तरी पुष्कळ.

द्विलक्षी संगणकशास्त्र घेणाऱ्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याकडे सहसा जीवशास्त्र राहत नाही. अभियांत्रिकीकडे जायचे ठरलेले असेल तर त्याने काही बिघडत नाही. मात्र वैद्यकीय क्षेत्राचा विचार मनाच्या एखाद्या कोपऱ्यातही असेल तर विषयांची जोडणी करण्यापूर्वी महाविद्यालयाशी स्पष्ट बोलावे. बारावीनंतर अभियांत्रिकी, औषधनिर्माण, शेती किंवा साधी पदवी असे सगळेच पर्याय द्विलक्षीत खुले राहतात. म्हणून ज्याचे अजून ठरलेले नाही त्याच्यासाठी ही वाट सर्वांत कमी धोक्याची आहे. पण तेवढ्याच कारणाने ती कौशल्याच्या बाबतीत सर्वांत उथळही आहे, कारण आठवड्यातील मोजक्या तासिकांत हात तयार होत नाही.

तिसरी पायरी : व्यवसाय निवडणे

पालक 'इलेक्ट्रिशियन किंवा फिटर' एवढेच म्हणतात आणि दोन्हीकडे जागा मिळाली नाही की निराश होतात. वास्तविक फिटर, टर्नर आणि मशिनिस्ट ही तीन भावंडे आहेत. फिटर धातूचे सुटे भाग कापून, घासून, मापात आणून जुळवतो आणि यंत्रांची देखभाल करतो. टर्नर लेथवर, म्हणजे धातू फिरवत ठेवून कापणाऱ्या यंत्रावर, गोल वस्तू वळवतो. मशिनिस्ट मिलिंग, ग्राइंडिंग आणि तत्सम यंत्रांवर काम करतो. तिन्ही दोन वर्षांचे व्यवसाय आहेत. फिटरच्या तुकडीत पहिले काही आठवडे केवळ कानस चालवण्यात जातात, तळहाताला फोड येतात आणि पुष्कळ मुले तिथेच कंटाळतात. पण एका चौरस लोखंडी तुकड्याची बाजू कानशीने सपाट करून काटकोनात आणणे ज्याला जमले, त्याला पुढे व्हर्नियर आणि मायक्रोमीटर ही बारीक मापे घेण्याची साधने शिकवावी लागत नाहीत, ती त्याला आपोआप समजतात.

इलेक्ट्रिशियन आणि वायरमन यांतही लोक गल्लत करतात. वायरमनचा भर इमारतींतील आणि वाहिन्यांवरील तारजोडणीवर असतो. इलेक्ट्रिशियनला त्याशिवाय मोटारी, रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर) आणि नियंत्रण पॅनेल यांचे अधिक शिक्षण मिळते. स्वतःचा वीजजोडणीचा व्यवसाय करायचा असेल तर प्रमाणपत्राशिवाय शासनाचा तारतंत्री परवानाही काढावा लागतो, याची नोंद आताच करून ठेवावी.

वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे आणि त्याला आठवी उत्तीर्ण विद्यार्थी चालतो. वायरमन आणि शिवणकाम यांसारख्या आणखी काही व्यवसायांनाही आठवीची पात्रता पुरते. त्यामुळे दहावीत एखाद्या विषयात राहिलेल्या मुलाचे वर्ष वाया गेलेच पाहिजे असे नाही. वेल्डिंगला फॅब्रिकेशनच्या छोट्या वर्कशॉपपासून जहाजबांधणीपर्यंत मागणी आहे, पण हे काम डोळ्यांचे, उन्हाचे आणि धुराचे आहे. घरातून 'मुलगा दुकान टाकेल' एवढाच विचार न करता मुलाला एक दिवस एखाद्या फॅब्रिकेटरकडे उभे करून पाहावे.

परिसराचाही विचार करावा. चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात वाहन उद्योग आहे, नाशिकला सातपूर आणि अंबड, छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि चिकलठाणा, नागपूरजवळ बुटीबोरी, कोल्हापूरच्या शिरोलीत फाउंड्र्या आणि इचलकरंजीत यंत्रमाग. रोहा, महाड भागातील मुलांनी रासायनिक कारखान्यांसाठी असलेला अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट हा दोन वर्षांचा व्यवसाय अवश्य पाहावा. फिटरचे नाव मोठे म्हणून रांगेत शंभर जण असतात आणि शेजारच्या कारखान्यांना ज्याची गरज आहे त्या तुकडीत जागा शिल्लक राहतात, असे दरवर्षी घडते. रेफ्रिजरेशन आणि वातानुकूलन हा व्यवसायही असाच दुर्लक्षित आहे. शीतगृहे, दूध संकलन केंद्रे, दवाखाने आणि मॉल वाढत असताना त्यातील चांगला कारागीर तालुक्याच्या गावातही शोधावा लागतो.

मुलींसाठी आयटीआयमध्ये ३० टक्के जागा राखीव असतात आणि काही संस्था केवळ मुलींच्याच आहेत. मुलींनी शिवणकाम आणि ब्यूटी पार्लरच घ्यावे, हा सल्ला मात्र ऐकून घेऊन बाजूला ठेवावा. ड्राफ्ट्समन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक आणि इलेक्ट्रिशियन या तुकड्यांत राखीव जागांमुळे मुलींना तुलनेने कमी गुणांवरही प्रवेश मिळू शकतो, आणि ती संधी पालकांच्या संकोचामुळे सोडून दिली जाते.

एक छोटीशी पण महत्त्वाची सूचना. ज्या मुलाचे स्वप्न रेल्वेत सहायक लोको पायलट होण्याचे आहे, त्याची दृष्टी आजच तपासून घ्यावी. त्या पदाची वैद्यकीय कसोटी अत्यंत कडक असते आणि चष्म्याशिवाय पूर्ण दृष्टी लागते, रंग ओळखण्याची चाचणीही होते. तीन वर्षांनी कळण्यापेक्षा आता कळलेले बरे. त्यानुसार व्यवसाय बदलावा लागत नाही, अपेक्षा मात्र बदलता येते.

चौथी पायरी : संस्था स्वतः पाहून येणे

माहितीपुस्तिकेत सगळ्या संस्था सारख्याच दिसतात. त्यांतला फरक कार्यशाळेच्या दारात उभे राहिल्यावर दिसतो. अर्ज भरण्यापूर्वी जवळच्या दोन-तीन संस्थांना कामाच्या दिवशी सकाळी भेट द्यावी आणि गटनिदेशकांची, म्हणजे शिल्पनिदेशकांच्या वरच्या अधिकाऱ्यांची, परवानगी घेऊन कार्यशाळा पाहावी.

पाहायचे काय? टर्नरच्या तुकडीत किती लेथ आहेत यापेक्षा त्यांतले किती चालू आहेत, हे पाहावे. यंत्राखाली ताजा कीस पडलेला असेल तर ते चालते. त्यावर धूळ असेल तर ते तपासणीसाठी ठेवलेले आहे. वेल्डिंगच्या विभागात प्रत्येकासाठी शील्ड आणि हातमोजे आहेत का, ते बघावे. मुलांच्या जर्नलमध्ये, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या वहीत, अलीकडच्या तारखांच्या नोंदी आणि निदेशकांच्या सह्या आहेत का, ते विचारावे. मुलांनी सरावात बनवलेल्या वस्तू, म्हणजे 'जॉब', कपाटात ठेवलेल्या असतात, त्यांवरून शिकवण्याचा दर्जा सर्वांत लवकर कळतो. आणि शेवटी दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला चहाच्या टपरीवर एवढेच विचारावे की तुमचे निदेशक नियमित आहेत का आणि मागच्या वर्षीचे विद्यार्थी आता कुठे आहेत. कार्यालयातून मिळणार नाही अशी माहिती तिथे पाच मिनिटांत मिळते.

खाजगी संस्था असेल तर आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. आपल्याला हवा असलेला व्यवसाय आणि त्याची तुकडी प्रशिक्षण महासंचालनालयाशी संलग्न आहे का, हे पाहावे, केवळ संस्था संलग्न असून भागत नाही. आणि संपूर्ण शुल्क, परीक्षा शुल्क, साहित्य आणि गणवेश यांसह, लेखी मागावे. तोंडी सांगितलेला आकडा वर्षाच्या मध्यावर वाढलेला मी अनेकदा पाहिला आहे. 'ड्युअल सिस्टीम ऑफ ट्रेनिंग' या योजनेखाली एखाद्या कारखान्याबरोबर करार करून प्रशिक्षणाचा काही भाग प्रत्यक्ष कारखान्यात देणाऱ्या तुकड्याही काही संस्थांत असतात. तशी तुकडी उपलब्ध असेल तर ती पसंतीक्रमात वर घ्यावी.

पाचवी पायरी : कागदपत्रे

दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, अधिवासाचा दाखला, आरक्षित प्रवर्गासाठी जातीचा दाखला आणि लागू असेल तिथे नॉन-क्रीमिलेयर प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते, एवढे निकालापूर्वीच जमा करावे. शिष्यवृत्ती आणि शुल्क परतावा राज्य शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावरून थेट खात्यात येतो, म्हणून खाते महत्त्वाचे.

गुणपत्रिकेवरील नाव आणि आधारवरील नाव अक्षरनिहाय सारखे आहे का, हे एकदा भिंगाने तपासावे. व्यवसाय प्रमाणपत्र, शिकाऊ उमेदवारीची नोंद आणि पुढची नोकरी या सगळ्यांत तेच नाव धावत राहते आणि एका अक्षराची दुरुस्ती करण्यात कधीकधी महिने जातात.

सहावी पायरी : अर्ज आणि पसंतीक्रम

आयटीआयचा अर्ज संचालनालयाच्या प्रवेश संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा असतो. स्वतःला जमत नसेल तर जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये मदत मिळते, सायबर कॅफेतल्या मुलावर सगळे सोपवू नये. अर्ज भरून झाला म्हणजे काम झाले, हा समज खोटा आहे. मूळ कागदपत्रे दाखवून अर्ज निश्चित करून घेतला नाही, तर तो गुणवत्ता यादीत येत नाही.

त्यानंतर पसंतीक्रम भरायचा असतो आणि खरी परीक्षा इथे आहे. प्रत्येक ओळ म्हणजे एक संस्था आणि एक व्यवसाय अशी जोडी असते. माझा सल्ला असा की आधी व्यवसाय ठरवावा आणि मग त्या व्यवसायाच्या संस्था अंतराच्या क्रमाने लिहाव्यात, त्यानंतर दुसरा व्यवसाय. एसटीच्या पासाचा आणि रोजच्या वेळेचा हिशेब करून खूप लांबची संस्था शेवटी ठेवावी किंवा घेऊच नये. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घेणे बंधनकारक असते आणि न घेतल्यास पुढच्या केंद्रीय फेऱ्यांतून नाव बाहेर जाते. म्हणून 'बघू या मिळते का' म्हणून पहिल्या क्रमांकावर काहीही लिहू नये. खरोखर जे हवे तेच पहिले.

प्राथमिक गुणवत्ता यादी लागल्यावर हरकती नोंदवण्याची मुदत असते. त्या दोन-तीन दिवसांत आपले गुण, प्रवर्ग आणि जन्मतारीख बरोबर आहेत का, ते पाहावे. अंतिम यादीनंतर तक्रारीला अर्थ राहत नाही. केंद्रीय फेऱ्यांत जागा मिळाली नाही तर शेवटी संस्था पातळीवर समुपदेशन फेरी होते. तिथे त्या दिवशी हजर राहावेच लागते, आणि अनेकांना त्याच फेरीत चांगली जागा मिळते, कारण तोपर्यंत काही मुले अकरावीला किंवा तंत्रनिकेतनाला निघून गेलेली असतात.

अकरावीसाठी २०२५-२६ पासून संपूर्ण राज्यात ऑनलाइन केंद्रीय प्रवेश पद्धत लागू झाली आहे. द्विलक्षी हवे असेल तर त्याची पसंती स्वतंत्रपणे नोंदवावी लागते, सर्वसाधारण विज्ञान शाखेचा पर्याय भरून मागाहून द्विलक्षी मिळेल असे समजू नये.

सातवी पायरी : प्रशिक्षणाची वर्षे

वर्षाला साधारण १२०० तासांचे प्रशिक्षण असते आणि त्यातले ८४० तास कार्यशाळेतल्या प्रात्यक्षिकाचे असतात. त्याखेरीज दरवर्षी १५० तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी किंवा गटप्रकल्पात घालवायचे असतात. परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के उपस्थिती लागते. प्रात्यक्षिकात उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के आणि लेखी विषयांत ३३ टक्के गुण लागतात, म्हणजेच ही व्यवस्था हाताला डोक्यापेक्षा अधिक गुण मागते. लेखी परीक्षा संगणकावर बहुपर्यायी पद्धतीने होते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने पहिल्या महिन्यापासूनच प्रत्येक अवजाराचे इंग्रजी नाव जर्नलमध्ये मराठीसमोर लिहीत जावे, कारण कारखान्यात गेल्यावर आरेखने इंग्रजीतच असतात.

बारावीची समकक्षता हवी असेल तर त्याचा अर्ज याच काळात करायचा असतो. दहावीनंतर दोन वर्षांचा व्यवसाय पूर्ण करणाऱ्यांना राज्य मंडळाच्या ठरावीक भाषा विषयांची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर बारावीची, आणि आठवीच्या पायावर दोन वर्षांचा व्यवसाय करणाऱ्यांना दहावीची समकक्षता मिळते. संस्थेने स्वतःहून सूचना लावली नाही तर प्राचार्यांच्या कार्यालयात जाऊन विचारावे. पुढे एखाद्या जाहिरातीत आयटीआय आणि बारावी अशी दोन्हींची अट असते, तेव्हा हीच दोन भाषांची परीक्षा उपयोगी पडते. कंटाळा म्हणून ती सोडून देणारे पुष्कळ असतात आणि पाच वर्षांनी बाहेरून बारावीचा अर्ज भरणारेही तेच असतात.

आठवी पायरी : शिकाऊ उमेदवारी

शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ चा आहे. ज्या आस्थापनेत तीस किंवा अधिक माणसे काम करतात, तिने कंत्राटी कामगार धरून एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. म्हणजे जागा मागायला जाणारा विद्यार्थी उपकार मागत नसतो, कारखान्याला त्याची कायद्याने गरज असते. २०१६ पासून राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेखाली विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिना १५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्र सरकार उचलते. २०१९ च्या सुधारित नियमांनी आयटीआय उत्तीर्णाचे किमान विद्यावेतन ७००० रुपये ठरवले होते. नोंदणीपूर्वी सध्याचा दर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी संकेतस्थळावर पाहून घ्यावा आणि त्याहून कमी देणाऱ्या ठिकाणी सही करू नये.

करार हा ऑनलाइन नोंदलेला असावा. 'आमच्याकडे ट्रेनी म्हणून लागा, वर्षभराने पाहू' असे सांगणाऱ्या ठिकाणी वर्ष जाते आणि हातात शिकाऊ उमेदवारीचे राष्ट्रीय प्रमाणपत्र येत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने ती उमेदवारी नसतेच. हा फरक न कळल्याने हुशार मुलेही फसतात. करारावर व्यवसायाचे नाव आपल्या आयटीआयच्या व्यवसायाशी जुळते का, कालावधी किती आणि मूळ कागद कोणाकडे राहणार, हे तिन्ही पाहावे. मूळ गुणपत्रिका आणि दाखले कोणत्याही आस्थापनेला ताब्यात देऊ नयेत. धोकादायक उद्योगांत उमेदवारीसाठी वय अठरा पूर्ण असावे लागते. सतराव्या वर्षी उत्तीर्ण होणाऱ्या मुलाने ही अट लक्षात घेऊन अर्ज करावेत.

मोठ्या सार्वजनिक आस्थापना उमेदवार मोठ्या संख्येने घेतात. मध्य रेल्वेच्या उमेदवारीत मुंबई, भुसावळ, पुणे, नागपूर आणि सोलापूर असे विभाग असतात आणि निवड परीक्षेने नव्हे, तर दहावी आणि आयटीआयच्या गुणांच्या सरासरीने होते. म्हणून आयटीआयला गेलो, आता दहावीच्या गुणांना काय किंमत, असे कोणी समजू नये. मुंबईच्या नौदल गोदीतही उमेदवारांसाठी स्वतंत्र शाळा आहे. एसटी महामंडळाचे विभागही आपापल्या कार्यशाळांसाठी उमेदवार घेतात. अशा जाहिराती वर्षातून एकदाच येतात आणि मुदत लहान असते. तालुक्यातील किंवा जिल्ह्यातील मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्रात, ज्याला सगळे 'बीटीआरआय' म्हणतात, निकालानंतरच्या आठवड्यातच जाऊन नाव नोंदवून यावे. कोणत्या कारखान्यात किती जागा रिकाम्या आहेत, याची सर्वांत ताजी माहिती त्याच कार्यालयाकडे असते.

उमेदवारी संपल्यावर अखिल भारतीय परीक्षा होते आणि ती उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. कारखान्यात कायम होण्याच्या आशेने काही मुले या परीक्षेला बसतच नाहीत आणि करार संपला की दोन्हीकडून जातात. परीक्षेचा अर्ज आस्थापनेमार्फत भरला जातो, म्हणून तारीख जवळ आली की कार्मिक विभागात आपले नाव गेले का, याची खात्री स्वतः करून घ्यावी. पुढे शिल्पनिदेशक व्हायचे असेल त्यांच्यासाठी एक वर्षाचा प्रशिक्षक अभ्यासक्रम आहे. तो मुंबईच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी चालतो, आणि त्याच्या अर्जाबरोबर व्यवसाय प्रमाणपत्र आणि उमेदवारीचे प्रमाणपत्र जोडण्यासाठी ती दोन्ही डिजिलॉकरमध्ये दिसत आहेत का, हे निकालानंतर लगेच पाहून ठेवावे.